वाचकांचे प्रश्न : केजन मुलुखातले वादक आणि त्यांची रोजीरोटी

गेल्या अंकात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील केजन संगीतावर आम्ही एक लहानसे टिपण छापले होते. ज्यांच्या वाचनात ते आले नसेल त्यांच्यासाठी इतके सांगणे पुरेसे आहे, की ब्रिटिशांनी १७५५ पासून पुढे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकादिया प्रांतातून हुसकावून लावलेले फ्रेंच भाषक शेतकरी बरीच वणवण करून अखेर दक्षिण लुइझियानाच्या दलदलीच्या आणि गवताळ माळांच्या प्रदेशात स्थिरावले. त्यांचे वंशज म्हणजे केजन लोक, आणि ॲकॉर्डियन, फिडल म्हणजेच व्हायोलिन, गिटार व लोखंडी त्रिकोण यांच्या साथीने फ्रेंचमध्ये गायिले जाणारे त्यांचे नाचाचे संगीत म्हणजे केजन संगीत. त्या टिपणावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख सुरांपेक्षा वादकांच्या पोटापाण्याकडे आहे. ज्या जिल्ह्यात पेठेपेठेत बँडपथके आहेत, गावोगावी भजनी मंडळे आहेत आणि मोडनिंबसारख्या ठिकाणी कलाकेंद्रे आहेत, तेथील वाचकांनी हेच विचारावे यात नवल नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी एका बँडपथकात क्लॅरिनेट वाजवतो. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत सुपाऱ्या असतात; पावसाळ्यात यंत्रमागावर बदली कामगार म्हणून जातो. तिकडचे वादक केवळ वाजवून घर चालवतात काय?
— एक बँडवादक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : बहुतेक जण चालवत नाहीत, आणि ज्यांची नावे तिकडे आज आदराने घेतली जातात त्यांनीही चालवलेले नाही. ड्यूई बाल्फा (१९२७–१९९२) हा केजन फिडलवादकांमधला सर्वांत मान्यवर माणूस मानला जातो. त्याने शेती केली, विमा विकला, शाळेची बस चालवली आणि फर्निचरचे दुकानही चालवले. नेथन ॲबशायर या ॲकॉर्डियनवादकाची १९४९ सालची एक तबकडी त्या मुलुखात घरोघरी पोहोचली होती, तरी तो बेसिल गावाच्या कचरा डेपोवर नोकरी करीत असे. डेनिस मॅगी हा जुन्या वळणाचा फिडलवादक युनिस गावात केस कापण्याचा व्यवसाय करी. डी. एल. मेनार्ड याने पेट्रोल पंपावर कामाला असताना जुळवलेले आणि १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले एक गाणे आजही तिथल्या जवळपास प्रत्येक नाचात वाजते; पण त्याचा खरा धंदा इरॅथ गावी लाकडी खुर्च्या बनवण्याचा, आणि परदेशचे दौरे करून आल्यावरही तो पुन्हा खुर्च्यांच्या कारखान्यातच उभा राही. कॅन्रे फॉन्टेनो, ज्याचे पहिले फिडल सिगारच्या खोक्यापासून केलेले होते आणि ज्याच्या तारा दाराच्या जाळीतून काढलेल्या होत्या, तो वेल्श गावात पशुखाद्याच्या दुकानात काम करीत असे.

हे जमत आले याचे कारण तिथल्या आठवड्याच्या रचनेत आहे. नाच शुक्रवारी व शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी होतात. वादक सोमवार ते शुक्रवार भाताच्या शेतावर, गॅरेजमध्ये, शाळेत किंवा तेलाच्या धंद्यात असतो. लुइझियानातील पहिली तेलविहीर १९०१ मध्ये जेनिंग्जजवळ लागली आणि त्यानंतर त्या भागातल्या कित्येक शेतकरी कुटुंबांची मुले तेलाकडे वळली. समुद्रातील तेलफलाटांवरची पाळी सात दिवस काम आणि सात दिवस सुटी, किंवा चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुटी, अशी असते. अशी नोकरी करणारा वादक निम्म्याच शनिवारी मोकळा सापडतो, म्हणून पथकाला त्याच्या जागी वाजवू शकेल असा दुसरा माणूस कायम हाताशी ठेवावा लागतो. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नसल्याने बँडवाल्यांची कमाई बसते, तसेच तिकडे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात नाच बंद ठेवण्याची कॅथलिक प्रथा होती; त्यामुळे त्याच्या आधी येणारा मार्दी ग्रा हा सण म्हणजे वादकांचा सुगीचा काळ. गावातले लोक मुखवटे चढवून, घोड्यांवर व गाड्यांवर बसून घरोघरी कोंबडी, तांदूळ असा शिधा मागत फिरतात, आणि त्यांच्यामागून एका गाडीत वादक दिवसभर वाजवत जातात.

बिदागीचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. नाचघराचा मालक पथकाला ठरावीक रक्कम देतो किंवा दारावर जमलेल्या तिकिटाच्या पैशातला वाटा देतो. त्याची स्वतःची कमाई मुख्यतः बिअर व खाण्यापिण्यावर असते. म्हणजे पथकाची किंमत ठरते ती लाकडी फरशीवर किती जोड्या उतरल्या आणि त्या किती वेळ टिकल्या यावरून. मला वाटते, केजन वादकाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. त्याचा पोशिंदा हा खुर्चीत बसून ऐकणारा रसिक कधीच नव्हता. त्याचा पोशिंदा म्हणजे नाचायला आलेला शेजारी, नातेवाईक, कामावरचा सोबती. तीन मात्रांचा वॉल्ट्झ आणि दोनाच्या चालीचा टू-स्टेप रात्रभर न ढळता चालवता आले पाहिजेत, ही त्या शेजाऱ्यांची अट, आणि तिच्यात ज्याला उतरता आले नाही त्याच्या हातात कितीही करामत असली तरी पुढच्या शनिवारी त्याला बोलावणे येत नसे.

या धंद्यातली जोखीम आपणास वेगळी सांगायला नको, कारण वरात आटोपून टेम्पोतून अपरात्री परतणारे वादक आपल्याकडेही आहेत. आयरी लेज्यून हा जवळजवळ अंध ॲकॉर्डियनवादक. दृष्टीमुळे शेतकाम होत नसे म्हणून पिठाच्या पोत्यात ॲकॉर्डियन घालून तो रस्त्याने चालत नाचघरे गाठी. ऑक्टोबर १९५५ मध्ये युनिसच्या एका नाचाहून परतताना गाडीचे चाक पंक्चर झाले, ते बदलत असताना मागून आलेल्या मोटारीने धडक दिली आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला.

पूर्णवेळ संगीतावर जगणारे नाहीतच असे मात्र नाही. मायकेल डूसे याने १९७५ मध्ये उभे केलेले बोसोले हे पथक दशकानुदशके देशोदेशी फिरले आणि त्याला १९९८ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. परंतु असे जगायचे तर वर्षातले कित्येक महिने लुइझियानाबाहेर काढावे लागतात, कारण पूर्णवेळ पथकाला पुरेल इतका पैसा देणारे महोत्सव व सभागृहे उत्तरेकडच्या शहरांत, कॅनडात आणि फ्रान्समध्ये आहेत. जो-एल सोनिये हा तर 'कंट्री' म्हणजे ग्रामीण वळणाच्या देशी अमेरिकी गाण्याच्या बाजारात नशीब काढण्यासाठी नॅशव्हिलला गेला, तिथे त्याला नावही मिळाले, पण २०१५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला तो पुन्हा केजन संगीताकडे वळून केलेल्या संग्रहासाठी. आपल्या पत्रात 'नाइलाज म्हणून मागावर जातो' असा सूर आहे. मागावर जाण्याने वादक कमी प्रतीचा होतो असे केजन मुलुखात कोणी मानत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. मात्र कचरा डेपोवरच्या नोकरीला कलेची तपश्चर्या म्हणून गोंजारणारे जे लेखन अधूनमधून वाचायला मिळते, तेही मला पटत नाही. ॲबशायरला पर्याय असता तर त्याने ती नोकरी केली असती असे वाटत नाही.

प्रश्न : तबकड्या निघाल्या म्हणजे मानधन व स्वामित्वधन मिळालेच असेल. मग नोकऱ्या करण्याची वेळ का यावी?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, बार्शी

उत्तर : तबकडीने नाव मिळे, आणि नावामुळे नाचाची बोलावणी वाढत, पैशाचा ओघ तबकडीतून क्वचितच आला. पहिली केजन तबकडी १९२८ मध्ये जो फाल्कन व क्लिओमा ब्रो यांनी न्यू ऑर्लिन्स येथे कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. फक्त दोन माणसे आणि एक ॲकॉर्डियन व एक गिटार पाहून कंपनीची माणसे साशंक झाली होती, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या रेन गावच्या एका जवाहिऱ्याने काहीशे प्रती स्वतः विकत घेण्याची तयारी दाखवल्यावरच काम पुढे गेले, असे सांगितले जाते. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, कारण पुढेही हा धंदा गावच्या दुकानदारांच्याच हातात राहिला. क्रॉलीत जे. डी. मिलर, लेक चार्ल्समध्ये एडी शुलर, व्हिल प्लॅटमध्ये फ्लॉइड स्वालो अशा छोट्या उद्योजकांनी आपापल्या दुकानांच्या आधारावर ध्वनिमुद्रणाचे धंदे उभारले. मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्ष केलेले संगीत त्यांनी जपून ठेवले हे त्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु गीताचे हक्क, कर्तृत्वाची नोंद आणि विक्रीचा हिशेब या तिन्ही बाबतींत त्या काळचा वादक बहुधा अडाणीच असे, आणि कित्येकदा कागदावर दुसऱ्याचे नाव लागे.

हॅरी शोट्स या फिडलवादकाचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९४६ मध्ये त्याने मुद्रित केलेला एक जुना वॉल्ट्झ लुइझियाना व टेक्सासच्या बाहेरही गाजला, पण त्याचे हक्क त्याने शंभर डॉलर आणि व्हिस्कीच्या एका बाटलीवर सोडून दिले अशी आख्यायिका आहे. १९५१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या तुरुंगात तो मरण पावला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

उलट बाजूचे उदाहरण रॉकिन' सिडनी याचे. लेक चार्ल्समध्ये घरच्या ध्वनिमुद्रण साहित्यावर, सगळी वाद्ये स्वतः वाजवून त्याने एक गंमतीचे गाणे केले आणि १९८५ मध्ये ते देशभर गाजून त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. असे भाग्य त्या मुलुखातल्या दुसऱ्या कोणाच्या वाट्याला क्वचितच आले आहे. आजची तरुण पथके स्वतःच मुद्रण करतात, स्वतःच विकतात आणि हक्क आपल्याजवळ ठेवतात. युनिसच्या जोएल सॅव्हॉय याने २००६ मध्ये काढलेली व्हॅल्कूर ही कंपनी वादकांनीच चालवलेली आहे. पण आता लोक तबकडी विकत घेण्याऐवजी फोनवर फुकट ऐकतात, त्यामुळे नाचघराच्या दारावर मिळणारा पैसा पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला आहे.

प्रश्न : मी पेटी शिकवतो व दुरुस्तही करतो. त्यांचे ॲकॉर्डियन आणि आपली पेटी यांत नाते आहे काय? आणि तिकडे वाद्य बनवणाऱ्याला चरितार्थ साधतो काय?
— एक हार्मोनियम शिक्षक, अक्कलकोट

उत्तर : नाते सख्खे आहे. दोन्हींत भात्याच्या हवेने धातूची पट्टी, म्हणजे ज्याला आपण सूर म्हणतो ती, थरथरते. ॲकॉर्डियनचे एकस्व व्हिएन्नात १८२९ मध्ये घेतले गेले, हार्मोनियमचे पॅरिसमध्ये १८४२ मध्ये; पुढे एक वाद्य जर्मन कारखान्यांतून लुइझियानाच्या माळावर गेले आणि दुसरे कलकत्त्यात बैठकीचे रूप घेऊन आपल्या भजनात आले. आकाशवाणीने पेटीला १९४० पासून तीन दशके दाराबाहेर ठेवले, तरी भजनी मंडळांनी ती सोडली नाही. ॲकॉर्डियनचेही तसेच झाले, त्याकडे वळतोच.

फरक मात्र आपल्या बोटांना लगेच जाणवेल. पेटीत एका कळीला एकच सूर. केजन ॲकॉर्डियनच्या उजव्या हाताला केवळ दहा बटणे असतात आणि प्रत्येक बटण भाता दाबताना एक स्वर देते व ओढताना दुसरा. सगळे स्वर एकाच सप्तकपद्धतीतले, बहुधा 'सी' या पट्टीतले. कोमल-तीव्राची हौस भागवायला जागाच नाही. चाल बदलायची म्हणजे भात्याची दिशा बदलावी लागते, आणि त्या सततच्या दाब-ओढीतूनच त्या संगीताचा ठसकेबाज ठेका निर्माण होतो. साथीच्या फिडलवाल्याला आपल्या तारा सामान्यतः एक पूर्ण स्वर उतरवून लावाव्या लागतात. या अडचणी पत्करूनही हे वाद्य टिकले, कारण विजेच्या आधीच्या काळात पायांच्या आवाजावर मात करून घरभर ऐकू जाईल असे दुसरे वाद्य नव्हते, आणि दमट हवेतही ते सहसा बेसूर होत नसे.

तरीही १९३० च्या दशकात ते मागे पडले. तारवाद्यांची पथके आणि रेडिओवरच्या देशी अमेरिकी गाण्याची फॅशन आली. हॅकबेरी रॅम्बलर्स या १९३३ मध्ये निघालेल्या पथकाचा ल्यूडरिन डार्बोन तर ध्वनिवर्धकासाठी फोर्ड मोटारीच्या इंजिनावर वीज तयार करी. ध्वनिवर्धक आल्यावर फिडलचाही आवाज पुरू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून येणारी चांगली वाद्येही बंद झाली. १९४८ मध्ये आयरी लेज्यूनच्या पहिल्या तबकडीने ॲकॉर्डियनला पुन्हा मागणी आणली, परंतु जुनी जर्मन वाद्ये मिळेनात. तेव्हा लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राउन याने जुनी वाद्ये उघडून, त्यांची मापे घेऊन, स्वतः ॲकॉर्डियन बनवायला सुरुवात केली. आपल्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्या माणसाला या कामाचे मोल माझ्यापेक्षा अधिक कळेल.

या मार्गावर पुढे सर्वांत नावारूपाला आला तो मार्क सॅव्हॉय. रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेऊनही त्याने १९६६ मध्ये युनिसजवळ वाद्यांचे दुकान व कारखाना काढला आणि त्यावर संसार उभा केला. त्या मुलुखात आज वाद्य बनवणारे बरेच आहेत आणि प्रत्येक वाद्य हाताने, बहुधा मागणी नोंदवल्यावरच बनते. वाजवण्यापेक्षा वाद्य बनवण्यात उत्पन्न अधिक स्थिर असते, असे मला दिसते. सॅव्हॉयच्या दुकानात दर शनिवारी सकाळी लोक आपापली वाद्ये घेऊन जमतात, त्यात ऐंशी वर्षांचा म्हातारा आणि दहा वर्षांचा मुलगा एकाच घोळक्यात वाजवतात; तिकीट नाही, ध्वनिवर्धक नाही, आणि एका वेळी एकाहून अधिक त्रिकोण वाजवू नये असा तिथला शिरस्ता आहे, जो आपल्या काही भजनांत झांजांना लागू करावा असे माझे वैयक्तिक मत आहे.

प्रश्न : आपल्याकडे हलगी, सनई, ताशा ही वाद्ये ठरावीक जातींच्या माथी मारली गेली; वाजवणाऱ्याला मान नव्हता आणि जेवणाची पंगतही वेगळी असे. केजन मुलुखात असा भेद होता काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : होता, आणि त्याचे रूप वर्णाचे होते. दक्षिण लुइझियानात गोऱ्या केजन लोकांच्या शेजारी फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय क्रिओल लोक राहत आले आहेत, आणि आज ज्याला केजन संगीत म्हणतात त्याच्या घडणीत त्यांचा वाटा अर्ध्याहून कमी नाही असे माझे मत आहे. सर्वांत मोठे नाव अमेदे आर्दोइन याचे. १८९८ मध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय ॲकॉर्डियनवादक गोऱ्या डेनिस मॅगीबरोबर वाजवी, आणि १९२९ मध्ये त्या दोघांचे ध्वनिमुद्रण झाले. १९३४ पर्यंत आर्दोइनने तबकड्यांच्या एकंदर चौतीस बाजू मुद्रित केल्या. गोऱ्यांच्या नाचाला त्याला बोलावत, पैसेही देत. पण तो तिथला पाहुणा कधीच नव्हता. एका नाचात घाम पुसण्यासाठी यजमानाच्या घरच्या गोऱ्या मुलीने त्याला रुमाल दिला, एवढ्या कारणावरून रात्री परतताना काही गोऱ्यांनी त्याला गाठून बेदम मारले आणि त्यातून त्याचे मन व शरीर पुन्हा सावरले नाही, ही हकिकत त्याच्या परिचितांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात तो मरण पावला आणि तिथल्याच निनावी दफनभूमीत पुरला गेला. त्याची कबर सापडली नाही; अखेर २०१८ मध्ये ओपेलुसास येथे त्याचा पुतळा उभारण्यात आला.

आपल्या प्रश्नातील पंगतीचा मुद्दा येथे तंतोतंत लागू पडतो. ज्याच्या तबकड्या ऐकून आयरी लेज्यूनसारखे गोरे वादक शिकले, त्याला ज्या नाचघरात वाजवता येई तिथे नाचता येत नसे.

पुढे कृष्णवर्णीय क्रिओलांनी आपल्या संगीताला ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी गानप्रकाराची जोड देऊन झायडेको नावाची वेगळी वाट धरली, आणि तिचा राजा ठरला क्लिफ्टन शेनिये (१९२५–१९८७). त्याने उसाची तोडणी केली, टेक्सासमधील पोर्ट आर्थरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काम केले, आणि दहा बटणांच्या ॲकॉर्डियनऐवजी पियानोसारख्या पट्ट्यांचे मोठे ॲकॉर्डियन घेऊन ब्लूज वाजवला. धुणे घासण्याच्या पत्र्याचे खांद्यावर अडकवून छातीवर घालण्याचे वाद्य त्यानेच एका लोहारकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून करवून घेतले, आणि त्याचा भाऊ क्लीव्हलँड ते वाजवी. १९८४ मध्ये शेनियेला ग्रॅमी मिळाला. झायडेको पथकांचे अर्थकारण आजही बरेचसे वेगळे आहे; चर्चच्या सभागृहांतले नाच, क्रिओलांची स्वतःची नाचघरे आणि घोड्यांवरून निघणाऱ्या सहलींच्या शेवटी होणारे कार्यक्रम यांवर ती चालतात. महोत्सवांच्या व्यासपीठावर दोन्ही संगीते शेजारी बसतात, पण शनिवारच्या रात्री दोन वेगळ्या घरांत वाजतात, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न : आमच्या घरात तेलुगू बोलतात, मी मराठी शाळेत शिकलो, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. तिकडचे तरुण गायक फ्रेंच गातात खरे. पण त्यांना ती येते काय?
— एक निवृत्त चादर कारखाना कामगार, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : काहींना उत्तम येते, काहींना गाण्यापुरतीच येते. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून फक्त इंग्रजीत शिकवण्याचे बंधन घातले आणि मैदानात किंवा वर्गात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. सोलापुरात तेलुगू, कन्नड व उर्दू माध्यमाच्या शाळा निघू शकल्या, तसे तिकडे घडले नाही. शिक्षा भोगलेल्या त्या पिढीने आपल्या मुलांशी घरातही इंग्रजीच बोलायचे ठरवले. मग फ्रेंच उरली ती आजी-आजोबांत, शिकारीच्या व मासेमारीच्या गप्पांत आणि नाचाच्या गाण्यांत. १९६८ मध्ये राज्यात फ्रेंचच्या विकासासाठी कोदोफिल ही सरकारी परिषद स्थापन झाली. सुरुवातीला तिने बाहेरून शिक्षक आणून प्रमाण फ्रेंच शिकवण्यावर भर दिला आणि गावच्या बोलीकडे व गाण्यांकडे काहीसे दुर्लक्षच केले.

गाण्यांना प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम मुख्यतः वादकांनी केले. १९६४ मध्ये ड्यूई बाल्फा ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाला ऐनवेळी गिटार धरायला म्हणून गेला. असले संगीत बाहेर दाखवून मुलुखाची शोभा होईल, अशा आशयाची टर ओपेलुसासच्या एका दैनिकाने आधीच उडवली होती. तिथे हजारो श्रोते उठून टाळ्या वाजवताना पाहून तो परत आला तो निर्धार करूनच, आणि पुढची सगळी वर्षे शाळांमधून फिरून मुलांना फिडल, गाणी व भाषा ऐकवण्यात त्याने घालवली. २६ मार्च १९७४ रोजी लाफायेटच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये केजन संगीताला वाहिलेला पहिला मोठा कार्यक्रम झाला, तो लोकांना प्रथमच नाचायला न देता खुर्च्यांवर बसवून ऐकवण्यासाठी. आपल्या आई-वडिलांच्या संगीताकडे तसे पाहण्याचा अनुभव कित्येकांना नवा होता. त्याच कार्यक्रमातून आजचा ऑक्टोबरमधला वार्षिक महोत्सव उगवला आहे, जरी तिथे लोक आता पुन्हा नाचतात.

१९८० च्या दशकापासून काही सरकारी शाळांत सर्व विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग आहेत आणि त्यांतून आलेले काही तरुण पथकांत गातात. बाकीचे तबकड्या ऐकून शब्द उचलतात, मग अर्थासाठी म्हाताऱ्यांकडे जातात. या दुसऱ्या मार्गाने शिकणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण त्यांतल्या काहींनी गाण्यासाठी म्हणून सुरुवात करून पुढे नवी फ्रेंच गाणी स्वतः लिहिली आहेत. ज्यांना ती भाषा येते त्यांना व्यवसायातही त्याचा लाभ होतो. क्युबेक, फ्रान्स व बेल्जियम येथील आमंत्रणे त्यांनाच अधिक येतात.

प्रश्न : रात्रीच्या नाचघरात वाजवणाऱ्या बाईला तिकडे समाज कसा वागवतो? आमच्याकडचा अनुभव मी लिहीत नाही, आपण जाणताच.
— एक वाचक, मोडनिंब

उत्तर : आपल्याकडे बाईने नाचावे आणि पुरुषाने वाजवावे अशी वाटणी झाली, तिकडे बाईने पाहुण्याबरोबर नाचायला हरकत नव्हती, पण तिने व्यासपीठावर बसून वाजवणे शोभत नाही असे मानले जाई. गाण्याचा साठा स्त्रियांकडे मोठा होता, तो मात्र स्वयंपाकघरात आणि अंगणात गायिला जाई. क्लिओमा ब्रो ही ठळक अपवाद. ती गिटार वाजवी, गाई, पती जो फाल्कनबरोबर नाचघरोनाचघर जाई; १९४१ मध्ये ती लवकरच गेली. त्यानंतर कित्येक दशके पथकांत बाई दिसली तर ती बहुधा कोणाची तरी पत्नी किंवा मुलगी असे, आणि म्हणूनच खपवून घेतली जाई.

शेरिल कॉर्मिये हिने ॲकॉर्डियन हाती घेऊन स्वतःचे पथक चालवले. क्वीन आयडा ही लेक चार्ल्सची क्रिओल स्त्री कुटुंबाबरोबर कॅलिफोर्नियात गेली, मुले मोठी होईपर्यंत तिने शाळेची बस चालवली, चाळिशीनंतर ती लोकांसमोर वाजवू लागली, आणि १९८३ मध्ये तिला ग्रॅमी मिळाला. मार्क सॅव्हॉयची पत्नी ॲन ही व्हर्जिनियाकडची. तिने त्या मुलुखातल्या जुन्या वादकांच्या मुलाखती घेऊन आणि त्यांची गाणी लिहून काढून १९८४ मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि मॅग्नोलिया सिस्टर्स हे स्त्रियांचे पथकही उभे केले. ड्यूई बाल्फाची कन्या क्रिस्टीन हिने वडिलांच्या मागे पथक चालवले आणि पुढे वादनाची निवासी शिबिरे भरवण्यात पुढाकार घेतला. आज पंचविशीतल्या मुली ॲकॉर्डियन घेऊन पथकाच्या अग्रभागी असतात, ही गोष्ट खरी. लहान मुले घरी ठेवून रात्री दोन वाजेपर्यंत वाजवायचे कसे, हा प्रश्न मात्र त्यांच्या नवऱ्यांना कोणी विचारत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गातील मुलांना हे संगीत ऐकवायचे आहे. कोठून सुरुवात करावी?
— एक संगीत शिक्षक, पंढरपूर

उत्तर : तबकड्यांच्या संग्रहांपेक्षा चालू रेडिओपासून करावी, म्हणजे नाच, निवेदन आणि मधल्या जाहिराती यांसह ते जसे जगते तसे ऐकायला मिळेल. लाफायेटच्या विद्यापीठातील केआरव्हीएस हे ८८.७ वरचे केंद्र इंटरनेटवरून ऐकता येते. मामू गावातल्या फ्रेड्स लाउंज या छोट्या मद्यपानगृहातून १९६० च्या दशकापासून शनिवारी सकाळीच नाच आणि त्याचे थेट प्रक्षेपण होत आले आहे. युनिसच्या लिबर्टी थिएटरमध्ये १९८७ पासून शनिवारी संध्याकाळी फ्रेंच निवेदनासह कार्यक्रम सुरू झाला. त्यांची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा व हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असते, तेव्हा तिथली शनिवार सकाळ आपल्याला शनिवारी रात्री जेवणाच्या सुमारास गाठता येईल. मुलांना प्रथम टाळी धरायला सांगावी. वॉल्ट्झ तीनात येतो, दादऱ्याचा सराव असलेल्या मुलांना तो लगेच सापडेल, आणि टू-स्टेपला केरव्याची सवय कामी येईल.